टीम फोर्ट्रेस २ मधला स्पाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीम फोर्ट्रेस २ या दोन टीमच्या ऑनलाइन नेमबाजी गेममधला स्पाय म्हणजे वेष बदलून पाठीत वार करणारा गडी. तो खेळणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्याच्यामुळे वैतागलेल्यांकडून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तिथे मूळची हत्यारं, म्हणजे साधा सुरा, साधं रिव्हॉल्व्हर आणि इन्व्हिस वॉच (अदृश्य करणारं साधं घड्याळ), गृहीत धरा.

१. स्पाय तर माणसं मारतो. मग त्याला सपोर्टमध्ये का टाकलंय?

ऑक्टोबर २००७ मध्ये गेम आला तेव्हापासून त्यात नऊ क्लास, म्हणजे खेळाडूंचे प्रकार, आहेत आणि त्यांचे तीन गट: हल्ला, बचाव, सपोर्ट. सपोर्टमध्ये मेडिक, स्नायपर आणि स्पाय. स्पायची हेल्थ १२५. समोर २०० चा सोल्जर किंवा ३०० चा हेवी असेल तर सरळ लढाईत त्याचा निभाव लागत नाही. त्याचं काम वेगळं आहे. आपल्या टीमची वाट अडवून बसलेला एक माणूस किंवा एक सेंट्री (इंजिनियरने उभारलेली, आपोआप गोळ्या झाडणारी बंदूक) नेमक्या वेळी उचलायची. पुढची लढाई बाकीचे अकरा जण जिंकतात. हे डोक्यात बसलं की खालची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

२. मी नवीन आहे. स्पायपासूनच सुरुवात करू का?

नको. स्पायला समोरच्या प्रत्येक क्लासची सवय ओळखता यावी लागते: मेडिक किती वेळा मागे वळून बघतो, इंजिनियर पाना मारताना कुठे उभा राहतो, स्नायपर दुर्बिणीतून डोळा कधी काढतो. ते कळायला आधी ते क्लास खेळायला हवेत. मेडिक, इंजिनियर आणि पायरो हे तीन तरी थोडे थोडे खेळून या. गेमच्या ट्रेनिंग मोडमध्ये स्पायचा धडा आहे, तोही करून घ्या. कंटाळवाणा आहे, पण बटणं हाताखाली बसतात.

३. स्पायकडे नेमकं काय काय असतं?

सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, सुरा, इमारती निकामी करणारा सॅपर, वेषांतराचा संच आणि अदृश्य करणारं घड्याळ. डाव्या क्लिकने वार, उजव्या क्लिकने क्लोक, म्हणजे अदृश्य होणं. संगणकावर शेवटचा वेष पुन्हा घ्यायचं बटण मुळात बी वर असतं. त्याचा आणखी एक उपयोग फार कमी जणांना माहीत असतो, तो प्र. ९ मध्ये आहे.

वार केला किंवा गोळी झाडली की वेष गळून पडतो. सॅपर लावला तर पडत नाही. स्पायचं निम्मं राजकारण या एका फरकावर चालतं.

४. मी पाठीमागेच होतो, तरी बॅकस्टॅब (पाठीतला जीवघेणा वार) लागला नाही. का?

बहुतेक वेळा तुम्ही पाठीमागे नसता, बाजूला असता. समोरच्याच्या पाठीकडच्या अर्ध्या वर्तुळात तुम्ही असायला हवं आणि तुमचं तोंडही साधारण त्याच दिशेला हवं. तो वर बघतोय की खाली, याने फरक पडत नाही, फक्त आडवी दिशा धरली जाते. तुमच्या हातातला सुरा आपोआप वर उचलला गेला की समजायचं, वार लागणार. मात्र ते बघत बसू नका. धावत्या माणसामागे पळताना सुरा वर जायला कधी कधी उशीर होतो आणि तेवढ्यात संधी जाते.

समोरून किंवा बाजूने मारलं तर ४० चं नुकसान होतं, म्हणजे त्याला जागं करण्यापुरतं. पाठीत लागला तर त्याची हेल्थ कितीही असो, मेडिकने फुगवलेला हेवी असला तरी, खेळ संपला. अपवाद प्र. १५ आणि २३ मध्ये. आणि अगदी समोरून वार करूनही बॅकस्टॅब मिळाला असेल, तर प्र. २१ पाहा.

५. क्लोक नेहमी चुकीच्या वेळी संपतो. उपाय?

इन्व्हिस वॉच पूर्ण भरलेलं असताना साधारण नऊ सेकंद चालतं आणि रिकामं झालं की भरायला सुमारे अर्धा मिनिट घेतं. म्हणजे तुमच्या स्पॉनपासून (खेळाडू जिथून खेळात उतरतात ती जागा) शत्रूच्या पाठीपर्यंत एका दमात जाता येत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. वाटेतले गोळ्यांचे डबे हे तुमचं इंधन आहे. मधला डबा अर्धं घड्याळ भरतो, मोठा पूर्ण. मॅप शिकताना सर्वांत आधी हे डबे कुठे आहेत ते पाठ करा. आपल्या बाजूला वेष घ्या, पण क्लोक शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात शिरण्याच्या जेमतेम आधी चढवा.

दुसरी गोष्ट, क्लोक काढण्याची. अदृश्यातून बाहेर यायला आणि मग वार करण्याजोगं व्हायला जवळजवळ दोन सेकंद जातात, आवाजही होतो. नवीन स्पाय थेट शिकारीच्या मागे प्रकट होतो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. कोपऱ्याआड, दाराच्या मागे, गोंगाट चालू असेल तिथे प्रकट व्हा आणि मग चालत या.

६. तीन घड्याळांपैकी कोणतं घेऊ?

शिकत असाल तर इन्व्हिस वॉच. बाकीची दोन मे २००९ च्या स्पाय-स्नायपर अपडेटमध्ये आली आणि स्पायची अचीव्हमेंट्स पूर्ण करत गेलं की मिळतात.

क्लोक अँड डॅगर घातलं की एका जागी उभं राहून हवा तितका वेळ अदृश्य राहता येतं. हललं की पट्टी उतरते, थांबलं की भरते. शत्रूच्या तळात बसून बातम्या पुरवायला उत्तम. धोका असा की माणूस आळशी होतो. पाच मिनिटं कोपऱ्यात अदृश्य बसलेला स्पाय म्हणजे टीममधला एक गडी कमी. डेड रिंगरबद्दल पुढचा प्रश्न.

७. डेड रिंगर घेऊनही मी मरतोच. काय चुकतंय?

डेड रिंगर हातात धरलेलं असताना पहिला मार बसला की खोटं प्रेत पडतं आणि तुम्ही अदृश्य होता. त्या पहिल्या माराचं नुकसान बरंच कमी होतं आणि पुढचे तीन सेकंद मार कमी लागतो, वेगही वाढतो. पण घड्याळ हातात असताना तुम्हाला वार करता येत नाही, आणि प्रकट होताना जो आवाज होतो तो अर्ध्या मॅपला ऐकू जातो. लोक या दोन गोष्टी विसरतात आणि पडल्या जागेपासून चार पावलांवर पुन्हा प्रकट होतात.

मेल्यावर लांब जा, आणि ज्या बाजूला तुम्ही पळाल असं वाटेल तिच्या उलट जा. एक जुनी युक्ती अजून चालते. डेड रिंगर वापरताना शत्रूचा नाही, आपल्याच टीमच्या एखाद्या क्लासचा वेष घ्या. मग प्रेतही त्याच क्लासचं पडतं. शत्रूला वाटतं, आपण एक स्काउट मारला. किलफीड (कुणी कुणाला मारलं याची स्क्रीनवरची यादी) नीट वाचणारा फसत नाही, पण धुमश्चक्रीत किलफीड कोण वाचतो?

८. वेष कोणाचा घ्यावा?

ज्या जागी तुम्ही आहात तिथे तो क्लास असणं स्वाभाविक असेल, त्याचा. त्यापलीकडे वेगाचा हिशोब असतो. स्पाय सामान्य वेगाच्या १०७ टक्के धावतो, मेडिकही तेवढाच. स्काउट १३३ टक्के, त्यामुळे स्काउटच्या वेषातला स्पाय रेंगाळताना दिसतो आणि दोन क्षणांत पकडला जातो. उलट हळू क्लासचा वेष घेतला तर तुम्हीही हळू होता. हेवीच्या वेषात शत्रूच्या तळातून चालत जाणं म्हणजे वेळेची उधळपट्टी. अदृश्य असेपर्यंत मात्र हा संथपणा लागू होत नाही.

मेडिकचा वेष वेगाला जुळतो, पण सगळे तुमच्याकडे बघून ‘मेडिक!’ म्हणून ओरडतात आणि तुम्ही कुणालाच बरं करत नाही. स्नायपर मागे शोभतो, पुढच्या फळीत नाही. इंजिनियर त्याच्या ठाण्याजवळ बरा, पण खऱ्या इंजिनियरला आपल्या टीममध्ये दुसरा इंजिनियर आहे की नाही हे पक्कं ठाऊक असतं. माझं मत विचाराल तर नवशिक्याने पायरो किंवा सोल्जर घ्यावा. दोघेही सगळीकडे असतात आणि एकटे फिरताना विचित्र वाटत नाहीत. फक्त अंगाला आग लागली असताना पायरो होऊ नका. खऱ्या पायरोच्या अंगावर आग टिकत नाही, आणि पेटलेला पायरो बघून कुणालाही कळतं.

वेषात शत्रूच्या टीममधल्या खऱ्या खेळाडूचं नाव दिसतं. ज्याचं नाव घेतलंय त्याच्यासमोरच उभे राहिलात तर काय होईल, ते सांगायला नको.

९. वेष बरोबर घेतो, तरी लोक लगेच ओळखतात. का?

सोंग आणलं की ते वठवावं लागतं. वेष तुमचा चेहरा बदलतो, चाल बदलत नाही, आणि लोक चालीवरूनच ओळखतात.

एक प्रसंग घ्या. पेलोडचा (कार्ट, म्हणजे गाडी, ढकलत न्यायचा) मॅप आहे, शत्रू बचाव करतोय आणि तुम्ही त्यांच्या सोल्जरच्या वेषात बोगद्यात प्रकट झालात. समोरून त्यांचा खरा डेमोमन येतोय. नवीन स्पाय काय करतो? थबकतो, त्याच्याकडे टक लावून बघतो आणि बाजूने वळसा घालून त्याच्या पाठीकडे सरकायला लागतो. डेमोमनला आणखी पुरावा लागत नाही. जमलेला स्पाय मात्र त्याच्याकडे बघतही नाही. तो वळतो आणि डेमोमनच्याच दिशेने, म्हणजे आघाडीकडे, चालू लागतो, जणू नुकताच स्पॉनमधून आलाय. डेमोमन पुढे निघून जातो. त्याची पाठ आता तुमच्यासमोर आहे, आणि ती त्याने स्वतः होऊन दिलीय.

धक्का लागू देऊ नका. एकाच टीमचे खेळाडू एकमेकांतून आरपार जातात, शत्रू अडतो. म्हणून सावध लोक मुद्दाम अंगावर चालून येतात. अरुंद दारात थांबू नका, भिंतीला चिकटून चालू नका, कुणी सरळ तुमच्याकडे येत असेल तर उडी मारून बाजू द्या. बंदूक हातात धरून एकही गोळी न झाडता लढाईकडे बघत उभा असलेला माणूस दोन सेकंदांत संशयास्पद होतो, म्हणून हालचाल ठेवा.

प्र. ३ मधलं बी बटण इथे कामाला येतं. वेष घेतलेला असताना ते दाबलं की वेषाच्या हातातलं हत्यार तुमच्या हातातल्या हत्याराच्या जागेप्रमाणे बदलतं. शत्रूच्या तळातून पळताना सुरा हातात घेऊन एकदा दाबा. वेषाच्या हातात हाणामारीचं हत्यार येतं आणि लढाईला घाईने निघालेला खेळाडू वाटतो.

आवाजाच्या आज्ञांनाही वेष लागू होतो. शत्रूला तुमचा आवाज त्या क्लासचाच ऐकू येतो. ‘मेडिक!’ अशी हाक देऊन त्यांच्याच मेडिककडून हेल्थ भरून घ्यायला यासारखी दुसरी मजा नाही.

१०. आधी कुणाला मारायचं?

मेडिक. मग सेंट्री सांभाळणारा इंजिनियर. मग तुमच्या टीमला डोकं वर काढू न देणारा स्नायपर किंवा हेवी. मेडिक मेला की त्याने साठवलेला उबर (काही सेकंद मारच न लागण्याची ताकद) पूर्ण बुडतो, आणि साध्या मेडिगनला तो पुन्हा भरायला किमान चाळीस सेकंद लागतात. त्या चाळीस सेकंदांत पॉइंट, म्हणजे ताब्यात ठेवायची जागा, जातो.

हेवी आणि मेडिक जोडीने असतील तर नवीन लोक हेवीला मारतात, कारण त्याची पाठ मोठी. मेडिकला मारा. मेडिक नसलेला हेवी तुमचे सोल्जर बघून घेतील.

११. मग मी मेडिकला मारतो, तरी आमची टीम हरते. असं का?

कारण तुम्ही जमलं तेव्हा मारता, गरज असते तेव्हा नाही. या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हे.

तुमची टीम अजून स्पॉनमधून येतेय आणि तुम्ही तिकडे त्यांचा मेडिक मारलात. गुण मिळाले, किलफीडमध्ये नाव झळकलं. पण तुमची माणसं लढाईच्या जागी पोचेपर्यंत तो रिस्पॉन होऊन परत जागेवर आलेला असतो, आणि आता त्यांची सगळी टीम मागे वळून बघतेय. तुम्ही पुढच्या खेपेलाही पकडले जाणार. फायदा शून्य.

आता तेच पाच सेकंद थांबून बघा. तुमच्या मेडिकने ‘उबर तयार’ असं कळवलंय, सोल्जर कोपऱ्याआड जमलेत, आणि तुम्ही त्यांच्या मेडिकच्या मागे पायरो होऊन चालताय. हात शिवशिवतात, पण थांबायचं. तुमची टीम कोपऱ्यातून बाहेर पडली की शत्रूच्या सगळ्या नजरा पुढे जातात. तो क्षण तुमचा. वार, मेडिक खाली, पुढच्या अर्ध्या सेकंदात दुसऱ्याची पाठ मिळाली तर तीही. आणि तुम्ही मेलात तरी ‘मागे स्पाय आहे’ म्हणून त्यांचे दोघे वळले, म्हणजे तुमच्या टीमसमोर दोन पाठी आल्या. तुमचं मरणसुद्धा तिथे फुकट जात नाही.

म्हणून माइक किंवा चॅट वापरा. स्पायला शत्रूची नावं आणि हेल्थ दिसतात. ‘हेवीची हेल्थ ८० आहे, आता या’ एवढं एक वाक्य कित्येकदा एका बॅकस्टॅबपेक्षा जास्त देऊन जातं.

१२. सेंट्रीचं ठाणं एकट्याने कसं फोडू?

आधी बघा, घाई नको. सेंट्री, डिस्पेन्सर (हेल्थ आणि गोळ्या पुरवणारं यंत्र), टेलिपोर्टर कुठे आहेत? सेंट्रीचं तोंड कुठे? इंजिनियर एकटा आहे की जवळ पायरो फिरतोय? पायरो असेल तर तो जाईपर्यंत थांबा किंवा दुसरं काम बघा.

वेषातल्या स्पायवर सेंट्री गोळ्या झाडत नाही. ठाण्याच्या कडेने, इंजिनियरच्या पाठीकडून या. आता दोन रस्ते. पहिला, आधी इंजिनियर आणि मग सेंट्री. वार केल्याबरोबर वेष उतरतो आणि सेंट्री तुमच्याकडे वळायला लागते. ती वळेपर्यंत सॅपर हातात घेऊन लावायचा. सेंट्रीचं तोंड तुमच्या विरुद्ध दिशेला असेल तर हे आरामात जमतं, तुमच्याकडेच असेल तर करू नका. सुरा आणि सॅपर यांच्यातली अदलाबदल बोटांना डोळे मिटून यायला हवी. माउसच्या चाकावर विसंबू नका, थेट आकड्याचं बटण दाबा.

दुसरा रस्ता, आधी सॅपर. सेंट्री बंद पडते, इंजिनियर सवयीने सॅपर ठोकायला तिच्याकडे वळतो आणि त्याची पाठ तुमच्याकडे येते. अनुभवी इंजिनियर आधी तुमच्याकडे वळून पाना हाणतो. समोरचा कसा आहे हे पहिल्या भेटीत कळतं, दुसऱ्या भेटीत वापरायचं.

१३. सॅपर तर पान्याच्या दोन फटक्यांत निघतो. मग लावून काय मिळतं?

वेळ मिळतो. इंजिनियर जवळ नसेल तर सेंट्री तिच्या लेव्हलप्रमाणे साधारण सहा ते नऊ सेकंदांत कोसळते. तो जवळ असेल तर कोसळणार नाही, पण तेवढा वेळ ती गोळ्या झाडत नाही आणि तो दुसरं काही करत नाही. सॅपर संपत नाहीत, एक काढला की दुसरा लावा. त्याच वेळी तुमचा डेमोमन कोपऱ्यातून आत आला तर ठाणं गेलंच. तेव्हा लावण्याआधी सांगा, प्र. ११ प्रमाणे. टेलिपोर्टरचं एक टोक सॅप केलं की दुसरंही बंद होतं, त्यामुळे शत्रूच्या स्पॉनजवळचं रिकामं टोक ही सोपी आणि दुर्लक्षित शिकार आहे.

१४. पायरोपुढे काहीच चालत नाही. काय करू?

खरंच फारसं चालत नाही, आणि ते तसंच ठरवलेलं आहे. ज्वाळा लागल्या की अदृश्य स्पायही दिसतो आणि पेटलेला राहतो. पायरोजवळ जाऊन हुशारी दाखवू नका. ज्वाळांचा पल्ला छोटा असतो, त्यामुळे अंतर ठेवून रिव्हॉल्व्हर वापरा. पेटलात तर पाणी किंवा हेल्थचा डबा गाठा. तोच तोच पायरो सतत मागे लागला असेल तर डेड रिंगर किंवा स्पाय-सिकल घ्या. स्पाय-सिकल हा बर्फाचा सुरा आग लागली की वितळतो आणि तेवढ्यापुरता तुम्हाला वाचवतो. मग तो परत तयार होईपर्यंत तुम्ही बिनसुऱ्याचे.

१५. स्नायपरच्या पाठीवर रेझरबॅक (पाठीतला वार अडवणारी ढाल) आहे. आता?

सुरा मारू नका. ढाल तो एक वार खाते, मोठा कडकडाट होतो आणि दोन सेकंद तुमचा सुरा चालत नाही. ढाल दुरून दिसते. रिव्हॉल्व्हर काढा. अगदी जवळून एका गोळीचं नुकसान ६० पर्यंत जातं आणि स्नायपरची हेल्थ १२५, म्हणजे नेम चुकला नाही तर तीन गोळ्या. रेझरबॅकवाल्याला मेडिक ओव्हरहील (मर्यादेहून जास्त हेल्थ) देऊ शकत नाही, त्यामुळे हा हिशोब बिघडत नाही.

१६. रिव्हॉल्व्हर एरवी कधी वापरायचं?

नवीन लोक समजतात त्याहून खूप जास्त वेळा. पळून जाणारा अर्धमेला मेडिक, सॅपर लावून पाडायला आलेली सेंट्री सोडून मागे लागलेला इंजिनियर, छतावरचा स्नायपर. सुऱ्याच्या मोहात अशी सरळ शिकार सोडून देणारे खूप दिसतात. दुसऱ्या बंदुकींपैकी लेट्रांजे नवशिक्याला बरी. मारा २० टक्के कमी, पण क्लोक ४० टक्के जास्त टिकतो आणि प्रत्येक नेमक्या गोळीला थोडा भरतो. डायमंडबॅक बॅकस्टॅब आणि सॅपरने पाडलेल्या इमारतींच्या बदल्यात क्रिट (जबर माराच्या गोळ्या) साठवते, समोर इंजिनियर फार असतील तर घ्या. एम्बॅसेडर डोक्यात लागली की क्रिट देते, पण २०१७ च्या बदलांनंतर लांबून तिचा धाक उरला नाही.

१७. आणि सुरा कोणता?

मूळचाच. पुढे ‘युअर इटर्नल रिवॉर्ड’ बघण्यासारखा आहे. बॅकस्टॅब झाला की आवाज होत नाही, तुम्ही लगेच त्या मेलेल्याच्या वेषात जाता आणि त्याच्या सोबत्यांच्या किलफीडमध्येही बातमी येत नाही. बदल्यात नेहमीचा वेष घ्यायला पूर्ण भरलेला क्लोक खर्ची पडतो. कोनायव्हर्स कुनाय बॅकस्टॅबमधून हेल्थ शोषून घेतो, पण एरवी तुम्ही ७० हेल्थवर फिरता. एका रॉकेटचा धनी.

१८. व्हिडिओंमधले ट्रिकस्टॅब शिकायला हवेत का?

शिका, पण योजना म्हणून नव्हे, सुटका म्हणून. मागे लागलेल्या सोल्जरला कोपऱ्यावर चकवून त्याची पाठ घेणं किंवा जिन्यावरून त्याच्या डोक्यावरून उडी मारून मागे उतरणं हे पकडले गेल्यावरचे उपाय आहेत. दर वेळी पकडले जात असाल तर आधी प्र. ९ वाचा. सरावासाठी चालणारे बॉट असलेले मॅप खेळाडूंनी बनवलेले आहेत, तिथे हात साफ करा.

१९. पॉइंटवर उभा राहिलो तरी कॅप्चर होत नाही. बग आहे का?

बग नाही. वेषात किंवा अदृश्य असताना स्पाय पॉइंट घेऊ शकत नाही आणि कार्टही ढकलत नाही. आधी वेष उतरवा. शत्रूकडून पळवायची ब्रीफकेस उचलली की वेष उतरतो आणि ती हातात असेपर्यंत क्लोक चालत नाही. एवढं करून ती घेऊन पळायचंच असेल तर स्काउट घ्या.

२०. टीममध्ये आधीच तीन स्पाय आहेत. मीही घेऊ का?

नाही. तीन स्पाय असले की शत्रू प्रत्येक पाठीकडे संशयाने बघतो आणि तिघांचंही काम होत नाही. बचाव करताना तर मेडिक किंवा इंजिनियर घ्या, टीम मनोमन आभार मानेल. शत्रूचा इंजिनियर नाही, मेडिक नाही आणि समोर चार पायरो आहेत, अशा सामन्यात एकटा असतानाही स्पाय सोडून द्यावा.

स्कोअरबोर्डवर मी खाली आहे म्हणून टीम शिव्या घालते, असंही बरेच जण लिहितात. गुणांवर जाऊ नका, पण स्वतःला एक विचारा. मागच्या दोन मिनिटांत माझ्यामुळे आपली टीम पुढे सरकली का? नसेल, तर शिव्या उद्धट असल्या तरी अगदीच बिनबुडाच्या नाहीत.

२१. समोरून मारूनही बॅकस्टॅब लागतो, आणि माझ्यावरही तसाच होतो. ही चीटिंग आहे का?

साधारणपणे नाही. तुम्ही वार करता तेव्हा तुमच्या स्क्रीनवर जे दिसत होतं त्या क्षणापर्यंत सर्व्हर समोरच्याला मागे नेतो आणि तिथे हिशोब करतो. तुम्हाला पाठ दिसत होती, त्याच्या स्क्रीनवर तो केव्हाच वळला होता. पिंग (सर्व्हरशी बोलण्यातला उशीर) जितका जास्त तितका हा फरक मोठा. मरणाऱ्याला तो अन्याय वाटतो, आणि त्याच्या जागी तुम्हालाही वाटेल. त्यावर भिस्त ठेवून खेळू नका, पण पिंग जास्त असेल तर धावत्या माणसाच्या अगदी मागे न राहता किंचित जवळ, अंगाला लागेपर्यंत जाऊन वार करा. दुसऱ्याची इंटरपोलेशन सेटिंग्ज आंधळेपणाने उतरवून घेतली तर बहुधा आणखी बिघडतं.

२२. स्पर्धेत स्पाय चालतो का?

प्रकार कोणता त्यावर. हायलँडर म्हणजे नऊ विरुद्ध नऊ, प्रत्येक क्लासचा एकच खेळाडू, त्यामुळे स्पाय असतोच आणि त्याचं मुख्य काम मेडिक. सहा विरुद्ध सहामध्ये नेहमीची फळी दोन स्काउट, दोन सोल्जर, डेमोमन आणि मेडिक अशी. तिथे स्पाय शेवटचा पॉइंट वाचवताना किंवा कोंडी फोडताना थोड्या वेळासाठी उतरतो. सगळ्यांना तो येणार हे माहीत असतं, म्हणून तो मेडिकवर एक झडप घालण्यासाठीच येतो, आणि जमली नाही की लगेच क्लास बदलतो.

२३. पाठीत वार करूनही समोरचा मेला नाही असं आणखी कधी होतं?

उबर चालू असलेल्या माणसावर, तोवर त्याला काहीच लागत नाही. तो संपेपर्यंत गुपचूप अंतर ठेवा, संपला की मेडिक. रोबोंविरुद्धच्या मॅन व्हर्सेस मशीनमध्ये राक्षसी रोबो एका बॅकस्टॅबमध्ये पडत नाहीत, नुकसान मोठं होतं एवढंच. तिथे सॅपर रोबोंवरही लावता येतो आणि छोट्या रोबोंचा घोळका काही क्षण जागच्या जागी थांबवता येतो. या मोडमध्ये स्पायची ती खरी कमाई.

२४. समोरच्या टीमचा स्पाय आम्हाला छळतोय. मी स्पाय आहे, तर त्याला कसा पकडू?

चोराच्या वाटा चोराला ठाऊक. तुम्ही स्वतः कुठे प्रकट झाला असता? त्या कोपऱ्यांवर एखादी गोळी झाडून बघा. मित्राला गोळी लागत नाही, शत्रूला लागते, त्यामुळे ही तपासणी फुकटची. मोठा गोळ्यांचा डबा अचानक गायब झालाय आणि तिथे आपलं कुणी नाही, म्हणजे तो नुकताच तिथून गेलाय. आपल्या मेडिकच्या मागे पाच पावलांवर चाला. तुम्ही दिसलात तर बहुतेक स्पाय दुसरी शिकार शोधतात. आणि किलफीडमध्ये सुऱ्याचं चिन्ह दिसलं की मेलेल्या माणसाच्या जागेकडे धावू नका. तो तिथून निघून गेलेला असतो. त्याच्याजवळचा डबा कुठे आहे ते आठवा आणि तिकडे जा.